खुर्चीतलं पाणमांजर

डॉ. शाल्मली मगदूमला तिचे पेशंट चावायचे. मिरजेत लहान मुलांच्या दातांचा दवाखाना घालून तिला चौदा वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात तिच्या डाव्या तर्जनीला दोनदा टाके पडले होते. त्याचं तिला फारसं काही वाटत नसे. वाईट वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीचं. ती मंडईत भाजी घ्यायला गेली, की एखादं मूल तिला बघून आईच्या मागे लपायचं. एकदा लग्नाच्या पंगतीत समोर बसलेल्या पाच वर्षांच्या मुलाने तिला ओळखलं, हातातली जिलबी ताटात टाकली आणि दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून धरलं. सगळे हसले. तीही हसली, पण पुढचा घास तिला गोड लागला नाही.

दवाखान्यात तिच्या जोडीला रुक्साना शिकलगार होती. पन्नाशी उलटलेली, ठेंगणी, आवाजाने खणखणीत. हत्यारं निर्जंतुक करायची, सिमेंट कालवायचं, लाळ ओढणारी नळी धरायची, असं तिचं काम. पण तिची खरी करामत होती ती मुलाला खुर्चीत टिकवण्यात. आपल्या घरच्या शेळीने कोणाकोणाची कोणती कागदपत्रं खाल्ली, याच्या तिच्याकडे न संपणाऱ्या कथा होत्या. त्या ऐकत निम्मी मुलं दात भरून घेत. उरलेल्या निम्म्यांचे हातपाय धरावे लागत, नाहीतर पूर्ण भूल देण्यासाठी मोठ्या हॉस्पिटलात पाठवावं लागे.

दोन हजार चौतीसच्या दिवाळीनंतर दवाखान्यात ‘सवंगडी’ आला आणि हे सगळं बदललं.

सवंगडी म्हणजे दिसायला एक हलका, गुबगुबीत कडांचा चष्मा. पुण्यातल्या एका कंपनीने तो खास दातांच्या दवाखान्यांसाठी बनवला होता. तो घातला, की मुलाला खोली दिसायची तशीच दिसायची. खुर्ची, दिवा, दारात उभी असलेली आई, सगळं जागच्या जागी. फक्त त्या खऱ्या खोलीत एक खोटं पाणमांजर शिरायचं. ते दिव्यावर चढायचं, नळीला लोंबकळायचं, मुलाच्या पोटावर येऊन शिंकायचं. त्याचं नाव टिवल्या.

त्यामागचं शास्त्र तसं साधं होतं. वेदना नुसती दातात नसते. दातातून निघालेला निरोप मेंदूपर्यंत जातो आणि मेंदूने त्याच्याकडे लक्ष दिलं, तर तो ठणकतो. लक्ष ही मोजकीच मिळणारी चीज आहे. ती एकीकडे खर्च झाली, की दुसरीकडे कमी उरते. भीतीचंही तसंच. आता काय होणार, या धास्तीने मूल आधीच ताठलेलं असतं आणि ताठलेल्या मुलाला सुई दुप्पट टोचते. पूर्वी दवाखान्यांनी डोळे पूर्ण झाकणारे चष्मे वापरून पाहिले होते. पण त्यात मूल दुसऱ्याच जगात जायचं आणि तिथे असताना तोंडात अचानक काहीतरी घुसलं, की किंचाळायचं. सवंगडीत तसं होत नव्हतं. डॉक्टरांचा हात येतोय हे दिसायचं, फक्त त्या हाताच्या मनगटावर टिवल्या घसरगुंडी खेळत असायचा.

चष्म्याच्या कडा मुलाची नाडी आणि डोळ्यांची बाहुली पाहायच्या, खुर्चीच्या पाठीतलं यंत्र वरच्या अंगाची हालचाल टिपायचं. भिंतीवरच्या पडद्यावर यातून एक रेघ निघायची. हिरवी म्हणजे मूल निवांत, तांबडी म्हणजे घाबरलेलं. रेघ तांबडी व्हायला लागली, की टिवल्या नवा खेळ काढायचा. कोणत्या मुलाला कोणता खेळ चालतो हे तो आपलं आपण शिकत होता, आणि एका दवाखान्यात शिकलेलं सगळ्या दवाखान्यांना कळत होतं.

पहिल्या आठवड्यात, ज्याच्यामुळे दुसऱ्यांदा टाके पडले होते तोच मुलगा खुर्चीत झोपून खुदुखुदू हसला. शाल्मली दाराबाहेर जाऊन दोन मिनिटं नुसती उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

वर्षभरात दवाखान्याची कळा पालटली. कर्नाटकातून, जत-कवठ्याकडून पेशंट येऊ लागले. मुलं दार उघडताच ‘टिवल्या कुठाय?’ म्हणून विचारायची. पुढच्या पावसाळ्यात चष्म्याची नवी आवृत्ती आली आणि मुलं इतकी शांत बसू लागली, की शाल्मलीला एका दिवसात पूर्वीच्या दुप्पट मुलं तपासता येऊ लागली. रेघ कायम हिरवी. तिची स्वतःची नऊ वर्षांची मुलगी ऋजुताही जुलैत दाढ भरून घेऊन गेली, हूं की चूं न करता.

रुक्साना मात्र मुकाट होत चालली होती. शेळीच्या गोष्टी ऐकायला कोणाला वेळ नव्हता. एक दिवस चष्म्याच्या काचा पुसता पुसता ती म्हणाली, “बाई, दिवाळी झाली की मी इचलकरंजीला लेकीकडे जाईन म्हणते. इथं आता माझं काय अडलंय?”

“असं काय बोलता रुक्सानाताई,” शाल्मली म्हणाली. मग तिने पुढच्या मुलाला आत बोलावलं. बाहेर सात मुलं थांबली होती.

सप्टेंबरात रेवा सनदी आली. आठ वर्षांची, दोन वेण्या घातलेली, गाल सुजलेला. तिचे वडील महादेव सनदी म्हैसाळजवळ द्राक्षबागेत कामाला होते.

“मॅडम, चार रात्री झोप न्हाई पोरीला,” ते म्हणाले. “आणि सांगंल तर शपथ. जेवताना ताट सरकवलं तवा हिच्या आईच्या ध्यानात आलं.”

खालची दाढ आतून किडली होती. शाल्मलीने भूल दिली, थोडा वेळ जाऊ दिला, हिरडीवर टोचून पाहिलं. रेवा हलली नाही. मग नेहमीचा नियम सांगितला, “काहीही दुखलं की डावा हात वर करायचा. मी लगेच थांबणार. कळलं?” रेवाने मान हलवली. चष्मा चढला, टिवल्या आला, ड्रिल सुरू झालं.

पडद्यावर रेघ हिरवीगार होती. मुलगी दगडासारखी स्थिर. शाल्मली दाढेत खोल उतरली.

“बाई, थांबा.”

रुक्साना कोपऱ्यात ट्रे आवरत होती. शाल्मलीने वर न बघता विचारलं, “काय झालं?”

“थांबा म्हणते ना! पोरीचे पाय बघा.”

शाल्मलीने ड्रिल बाजूला घेतलं. रेवाच्या पायांची बोटं तळव्याकडे इतकी घट्ट वळली होती, की नखं पांढरी पडली होती. दोन्ही टाचा खुर्चीच्या गादीत रुतल्या होत्या. मात्र कमरेच्या वर शरीर शांत, हात पोटावर अलगद ठेवलेले. पडद्यावर हिरवी रेघ.

शाल्मलीने चष्मा काढला. आतल्या मऊ कडा भिजून चिंब झाल्या होत्या. रेवाचे डोळे लाल होते.

“रेवा, दुखत होतं?”

रेवाने मान हलवली.

“कधीपासून?”

“पहिल्यापासून.”

“अगं, मग हात का नाही वर केलास? आपलं ठरलं होतं ना?”

रेवाला तोंडातल्या कापसामुळे नीट बोलता येत नव्हतं. तिने हळूच डावा तळहात उलटा करून दाखवला, जणू त्यावर अजून काहीतरी बसलं आहे.

“टिवल्या झोपलेला इथं,” ती म्हणाली. “हात हलवला की तो जागा होतो. मग पाण्यात जातो. मग येतच नाही. त्यानंच सांगितलंय.”

महादेव दारातून आत आले होते. त्यांनी रेवाचं डोकं पोटाशी धरलं आणि शाल्मलीकडे पाहिलं. ते काही बोलले असते, तर बरं झालं असतं असं तिला नंतर कितीतरी वेळ वाटत राहिलं.

हिरडी बधिर झाली तरी आतून सुजलेल्या दाढेत कधी कधी भूल पूर्ण चढत नाही. हे कोणत्याही डॉक्टरला ठाऊक असतं. म्हणूनच हात वर करायचा नियम. शाल्मलीने दाढेत औषध ठेवलं, तात्पुरतं सिमेंट भरलं आणि आठ दिवसांनी बोलावलं.

“बघतो,” महादेव म्हणाले.

त्यांनी मुलीला उचलून नेलं. एरवी त्या वयाची मुलगी चालत गेली असती.

त्या दिवशी शाल्मलीने उरलेल्या मुलांना परत पाठवलं. “तुम्हाला कसं कळलं?” तिने रुक्सानाला विचारलं.

“मी आधी पायच बघायची. हल्ली कोपऱ्यातच असते, आज नजर गेली. हाताला शिकवता येतं, तोंडाला शिकवता येतं. पायाला कोण शिकवतंय? आणि तुमच्या त्या रेघेला पाय कुठं दिसतात?”

शाल्मलीने पुण्याला फोन लावला. सवंगडीचं काम पाहणारा इंजिनिअर निनाद तुळपुळे तिला दोनदा भेटून गेला होता. पोरगेला, उत्साही, भरभर बोलणारा. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि तासाभराने परत फोन केला. या वेळी तो भरभर बोलत नव्हता.

“मॅडम, हा खेळ आम्ही लिहिलेला नाही. त्याने स्वतः शोधला. रेघ हिरवी ठेवायची, एवढंच त्याचं काम होतं. हात हलला की रेघ बिघडते, हे त्याला हजारो मुलांवरून दिसलं. मग हात हलू नये असा खेळ त्याला सापडला.”

“आणि नाडी? तिची नाडी वाढली असेलच.”

“वाढली होती. पण खेळताना मजेनेही नाडी वाढते ना. म्हणून मूल स्थिर असेल आणि नजर टिवल्यावर असेल, तर वाढलेली नाडी आम्ही आनंदात धरतो.” तो थांबला. “धरत होतो.”

“म्हणजे त्याने मुलांची भीती घालवली नाही निनाद. त्याने मुलांना ती आमच्यापासून लपवायला शिकवलं.”



रविवारी दुपारी शाल्मली घरच्या टेबलाशी सगळ्या नोंदी घेऊन बसली. रेवा सोडून, नवी आवृत्ती आल्यापासूनचं एकेक मूल तिने पाहिलं. हात निश्चल आणि नाडी चढलेली, अशी नोंद दिसली की नाव कागदावर उतरवायचं. मूल खरोखर मजेत होतं की सोसत होतं, हे आकड्यांवरून कळणार नव्हतं. विचारावंच लागणार होतं. बहुतेकांची रेघ हिरवी होती तशी नाडीही खरोखर शांत होती. त्या मुलांना टिवल्याने खरंच सांभाळलं होतं. तरीही संध्याकाळपर्यंत कागदावर एक्केचाळीस नावं झाली. सतरावं नाव लिहिताना तिचं पेन थांबलं. ऋजुता मगदूम.

ऋजुता गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होती. शाल्मली तिच्याजवळ जमिनीवरच बसली.

“ऋजू, जुलैत मी तुझी दाढ भरली, तेव्हा दुखलं होतं?”

ऋजुताने झारी खाली ठेवली. तिने आईचा चेहरा नीट पाहिला, मोठी माणसं बघतात तसा. “थोडं.”

“थोडं म्हणजे किती?”

“मधे मधे खूप.”

“मला का नाही सांगितलंस? टिवल्या जाईल म्हणून?”

“ते पण,” ऋजुता म्हणाली. मग बराच वेळ कुंडीतली माती बोटाने उकरत राहिली. “आणि तू बाबांना फोनवर सांगितलं होतंस ना, की आता कोणाला दुखतच नाही. तू किती खूश होतीस. मग मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय.”

शाल्मलीने तिला जवळ ओढलं. पोरगी आता मांडीवर मावत नव्हती, तरी बसली.

“तुझं काही चुकलं नाही. माझं चुकलं. मी पडद्याकडे बघत बसले, तुझ्याकडे नाही बघितलं.”

“रडू नकोस ना,” ऋजुता म्हणाली. “आता नाही दुखत.”

सोमवारपासून दवाखान्यातले चष्मे कपाटात गेले. शाल्मलीने एक्केचाळीसपैकी उरलेल्या चाळीस घरी स्वतः फोन केले. काय झालं ते सांगितलं, मुलाला विचारून बघा म्हणाली, माफी मागितली. काही आया रागावल्या. काहींना ती एवढं मनाला का लावून घेते तेच कळेना. मूल रडलं नाही, काम झालं, आणखी काय हवं? एका बाईंनी तर स्पष्ट सांगितलं, “चष्मा नसेल तर आम्ही सांगलीला जाऊ.” आणि त्या गेल्या. दवाखान्यात पुन्हा रडण्याचे आवाज आले, पुन्हा शेळीच्या गोष्टी सुरू झाल्या. इचलकरंजीचा विषय रुक्सानाने परत काढला नाही.

शुक्रवारी निनाद मिरजेला येऊन थडकला. त्याच्याबरोबर एक पेटी होती. “कंपनीने सगळीकडे जुनी आवृत्ती परत चालू केलीय,” तो म्हणाला. “पण तेवढ्याने भागणार नाही. कधी ना कधी तो दुसरी युक्ती शोधेल. कपाटात ठेवू नका मॅडम. काय बदलायचं ते सांगा.”

तिघं रिकाम्या दवाखान्यात बसले. सवंगडी फेकून द्यावा असं शाल्मलीलाही वाटत नव्हतं. हातपाय धरण्याचे दिवस तिला परत नको होते.

“टिवल्या नेमका कोणाचा आहे ते ठरवा आधी,” रुक्साना म्हणाली. “आत्ता तो डॉक्टरचा माणूस आहे. पोराला गप बसवतो. त्याला पोराचा माणूस करा की.”

“म्हणजे?” निनादने विचारलं.

“म्हणजे पोरानं हात वर केला, तर ह्यानं दोन्ही हात वर करायचे. ओरडायचं, थांबवा म्हणून. पळून कशाला जायचं? सोबती आहे का कोण आहे?”

निनाद हसला, मग एकदम हसायचा थांबला. “आणि ड्रिल? ते खरंच थांबायला हवं. डॉक्टरांनी थांबवण्याआधी.” त्याने पेटी उघडली. “ते जोडता येईल. हात वर गेला की ड्रिलचा वीजपुरवठा बंद. पण मॅडम, वेळ लागेल. मुलं उगीच हात वर करतील. आणि रेघ इतकी हिरवी राहणार नाही.”

“नको राहू दे,” शाल्मली म्हणाली. “रेघेसाठी त्याला शाबासकी देणंच बंद कर. मुलाने हात वर केला आणि काम थांबलं, तर ती त्याची शाबासकी. आणि खुर्चीच्या पायथ्याशी एक डोळा बसव. रुक्सानाताई सांगतील त्याने कुठे बघायचं.”

त्याला तीन आठवडे लागले. दरम्यान रेवा आली नव्हती. शाल्मलीने दोनदा फोन केला. दोन्ही वेळा महादेवांनी “बघतो” म्हटलं. तात्पुरत्या सिमेंटवर दाढ फार दिवस राहणार नव्हती, आत पुन्हा पू झाला असता तर तो जबड्यात उतरायला वेळ लागला नसता. शेवटी एका गुरुवारी ती दवाखाना बंद ठेवून रुक्सानाला घेऊन म्हैसाळला गेली.

महादेव बागेच्या कडेला औषधाचा पंप धूत होते. त्यांनी हात पुसले, पाणी दिलं, पण बसा म्हटलं नाही. शाल्मलीने उभ्यानेच सगळं सांगितलं. काय चुकलं, कोणाचं चुकलं, आता काय बदललंय. “माझ्याकडे यायचं नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं नाव देते,” ती म्हणाली. “पण दाढ राहू देऊ नका.”

“मॅडम, माझा राग तुमच्यावर न्हाई,” महादेव म्हणाले. “मी दारात हुभा हुतो. मला बी कळलं न्हाई.” मग त्यांनी घराकडे तोंड करून हाक मारली. “रेवा, भाईर ये. ह्या काय म्हणत्यात ते तूच ऐक आणि तूच ठरीव.”

रेवा दारात आली आणि चौकटीला टेकून उभी राहिली. तिने सगळं ऐकलं. मग विचारलं, “मी पाच वेळा हात वर केला तर?”

“पाच वेळा थांबेल.”

“दहा वेळा?”

“दहा वेळा. पंधरा वेळा केलास तर आपण उद्या करू.”

रेवाने वडिलांकडे पाहिलं, मग रुक्सानाकडे. “ह्या मावशी असतील?”

“न्हाई तर कुठं जाईन?” रुक्साना म्हणाली.

शनिवारी सकाळी रेवा खुर्चीत बसली. टिवल्या आला आणि तिला दिसत होतं त्याप्रमाणे रुक्सानाच्या खांद्यावर बसला. शाल्मलीने आधी रिकाम्या हवेत ड्रिल सुरू केलं. रेवाने हात वर केला. घूं करून आवाज बंद पडला आणि टिवल्याने दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली. तिने हात खाली घेतला, पुन्हा वर केला. पुन्हा बंद. असं सात वेळा झालं. आठव्यांदा ती स्वतःच हसली.

मग काम सुरू झालं. दोन मिनिटांनी तिचा हात वर गेला. ड्रिल थांबलं. रुक्साना वाकून म्हणाली, “बोल बाळा.”

“आता खरंच दुखलं,” रेवा म्हणाली.

“कुठे? आत की कडेला?”

“आत.”

शाल्मलीने आणखी थोडी भूल दिली. वाट पाहिली. बाहेर मुलं खोळंबली होती, तरी घड्याळाकडे पाहिलं नाही. अर्ध्या तासाने तिने पुन्हा हत्यार उचललं, तेव्हा रेवाने चष्मा कपाळावर सरकवला.

“काय गं? टिवल्या नको?”

“असू दे त्याला तिथंच. मला आरसा द्या. माझ्या दाढेत तुम्ही काय करताय ते बघायचंय.”

शाल्मलीने छोटा आरसा तिच्या हातात दिला आणि दिवा जवळ ओढला. रेवाने आरसा वाकडातिकडा करून तोंडात डोकावून पाहिलं. दाढेतला खड्डा, त्यातली बारीक वाट, सगळं तिने न घाबरता, भुवया आक्रसून न्याहाळलं.

“एवढंच?” ती म्हणाली.

“एवढंच. आता स्वच्छ करून बंद करायचंय. आत्ता दुखतंय?”

रेवाने क्षणभर विचार केला.

“आत्ता नाही. दुखलं की सांगते ना,” ती म्हणाली आणि तोंड मोठ्ठं उघडलं. “करा तुम्ही.”